बत्तीस नंबरची बाई कुठे उतरते

मिस इल्डा कधी टाळ्या वाजवत नसत.

कविता म्हणायला उभ्या राहिल्या की आधी बूट काढत. हिवाळ्यातसुद्धा. मोज्याला एखादं भोक असायचंच, आणि ते लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. माइक चालतो का हे पाहायला बाकीचे 'हॅलो, हॅलो' करत. त्या कंदांची नावं घेत. पिवळं कोनफळ, पांढरं कोनफळ, अळकुडी, रताळं. 'रताळं' मागच्या भिंतीपर्यंत पोचलं की माइक ठीक.

बसचा ड्रायव्हर कितीही म्हातारा असो, त्याला त्या 'बाळा' म्हणत.

कवितांच्या बैठकीत त्या बसायच्या शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, घरून आणलेल्या उशीवर. त्या खुर्चीवर आधीच कुणी बसलेलं असेल तर 'ऊठ' म्हणत नसत. त्याच्यासमोर उभ्या राहून त्याच्या आईची चौकशी करत. आईचं गुडघ्याचं दुखणं निघेपर्यंत खुर्ची रिकामी झालेली असे.

पर्समध्ये चांदीच्या कागदात गुंडाळलेला बन आणि चीज असायचं. कविता आवडली तर कागद मिटलेलाच राही. कवितेत पाणी घातलंय असं वाटलं की मागून हळूच चुरचुर सुरू होई. टोरांटोच्या एग्लिंटन रस्त्यावरच्या भल्याभल्या कवींची त्या चुरचुरीने बोबडी वळलेली आहे.

आणि दात. ओठ चिकटवून दातांतून हवा आत ओढायची, चीऽऽप. दूध संपलं असेल तर आखूड. पुढाऱ्याचं भाषण असेल तर मध्यम. लांब चीऽऽप फक्त फसलेल्या कवितेसाठी राखून ठेवलेली.

बैठकीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्या नेरिसाला हे एकेक आठवत होतं. बुधवारी सकाळी मिस इल्डा झोपेतून उठल्याच नाहीत. बातमी कळल्यापासून नेरिसाला रडू आलं नव्हतं. नुसतं मोज्याचं भोक डोळ्यांसमोर येत होतं, आणि उशीचा फुलाफुलांचा अभ्रा. आणि एक उत्तर, जे मिस इल्डा तिला शनिवारी देणार होत्या.

*

पूर्ण नाव इसिल्डा पिनॉक. जन्म जमैकातल्या डोंगरातल्या एका खेड्यात.

आठ वर्षांची असताना ईस्टरच्या दिवशी तिला चर्चमध्ये एक भक्तीचं पद्य म्हणायला उभं केलं. पद्य पाठ होतं. पण दुसऱ्या कडव्याशी आल्यावर तिला ते फार रटाळ वाटलं. पहिल्या रांगेत चर्चचे कारभारी, डीकन बेकफर्ड बसले होते. त्यांचा बोकड आदल्याच रविवारी चर्चमध्ये शिरून वेदीवरची फुलं खाऊन गेला होता. इसिल्डाने जागच्या जागी त्या बोकडावर चार ओळी जुळवल्या आणि पद्यात घुसडल्या.

डीकन उठून गरजले, "पहिल्यापासून!"

आम्हा जमैकन लोकांत हा शब्द दुधारी आहे. नाचाच्या जागी एखादं गाणं लोकांच्या अंगात आलं की ते टेबलं बडवून ओरडतात, "पहिल्यापासून!" मग तबकडी मागे फिरवून गाणं पुन्हा सुरू करावंच लागतं. त्याहून मोठी दाद नाही. आणि घरी पोराने पाढा चुकवला की आई चमचा उगारून ओरडते तेही हेच. "पहिल्यापासून!" शब्द तोच. चमचा आहे की टेबल, ते ज्याचं त्याने ओळखायचं.

इसिल्डाने ते मामाच्या दुकानातल्या नाचात ऐकलं होतं. तिने डीकनना लवून नमस्कार केला आणि आनंदाने पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी बोकडाला दोन ओळी जास्त दिल्या. डीकन पुन्हा गरजले. तिने पुन्हा नमस्कार केला. त्यानंतर तिला कान धरून बाहेर काढण्यात आलं.

"पहिल्याच कार्यक्रमात दोनदा दाद," म्हाताऱ्या झाल्यावरही मिस इल्डा सांगत. "त्या कवी एव्हरल्डला विचारा, त्याला आयुष्यात किती मिळाल्या."

विशीत त्या टोरांटोला आल्या. आधी एका श्रीमंत घरात मुलं सांभाळली. मग इस्पितळाच्या धुलाईघरात लागल्या. तिथे चादरींच्या घड्या घालायच्या असत. मोठ्या चादरीला दोघी लागतात. टोकाला टोक लावायचं, झटकायचं, पुढे यायचं, मागे जायचं. मिस इल्डा म्हणत, त्यांना ताल शिकवला तो त्या चादरींनी. समोर बर्नीस नावाची बाई असायची. ही ओळ टाकायची, ती झटका द्यायची. एकदा रंगात येऊन दोघींनी मिळून एक चादर मधोमध फाडली.

मग ढोलवाला मिळाला. गिटारवाला मिळाला. चर्चची तळघरं, कामगार संघटनांची सभागृहं, शाळा. शाळांतले मास्तर हळूच विचारत, "तुम्ही ही गावठी बोली सोडून नीट भाषेत का म्हणत नाही?" मिस इल्डा म्हणत, "नीट भाषेत मला कुणी शिव्या दिल्या नाहीत हो. ज्या भाषेत आईने शिव्या दिल्या, त्याच भाषेत कविता येते."

एकदा त्यांना पार पश्चिमेकडच्या रेजायना शहरातल्या एका शाळेत बोलावलं. तिथली मुलं हाताची घडी घालून इतकी शांत बसली की मिस इल्डांना वाटलं, ही सगळी गोठली. ढोल वाजतोय, आणि पापणी हलत नाही. अर्ध्यात आल्यावर त्यांनी स्वतःच टेबल बडवून "पहिल्यापासून!" म्हटलं आणि स्वतःच पुन्हा सुरुवात केली. शाळेची घंटा होईपर्यंत हेच चाललं होतं. मुलांनी घरी जाऊन काय सांगितलं देव जाणे.

*

बॅरिंग्टनचं सलून एग्लिंटनच्या पश्चिम टोकाला. पुढे खुर्च्या आणि आरसे, मागे एक लांबट खोली. दर शनिवारी दुपारी तिथे कवितांची बैठक भरायची. रेल्वेच्या कामासाठी रस्ता वर्षानुवर्षं खणून ठेवला, अर्धी दुकानं बंद पडली, पण बैठक बंद पडली नाही. सत्तरी गाठलेला बॅरिंग्टन एका हातात वस्तरा घेऊन दुसऱ्या हाताने फळ्यावर कवींची नावं लिहायचा. त्याला सगळे आदराने 'मास बॅरिंग्टन' म्हणत.

या बैठकीतून मिस इल्डांचा दुसरा धंदा निघाला. 'लँटर्न' हे वस्तीचं साप्ताहिक सलूनमध्ये आणि पॅटीच्या दुकानात फुकट मिळायचं. त्यात त्या 'मागच्या रांगेतून' नावाचं सदर लिहीत. कवींचं परीक्षण. पण आठवड्यात कुणी लिहिण्याजोगी कविता म्हटली नाही तर त्या गप्प बसत नसत. चर्चमधल्या प्रवचनाचं लिहीत: 'पास्टरांनी नरक छान रंगवला. स्वर्गाच्या वेळी घाई झाली.' बसमध्ये थांबे सांगणाऱ्या आवाजाचं लिहीत: 'बाईचा आवाज स्वच्छ आहे. पण पुढचा थांबा ओकवुड, असं म्हणताना तिचं ओकवुडला कुणी आहे असं वाटत नाही.'

एव्हरल्ड माँटेकला वस्तीत 'तोफ' म्हणतात. छाती पिंपासारखी, आवाज त्याहून मोठा. त्याच्याबद्दल मिस इल्डांनी लिहिलं: 'श्री. माँटेक यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू गेला. कविता पहिल्या गल्लीतच राहिली.'

एव्हरल्ड तो अंक हातात घेऊन सलूनमध्ये घुसला. मिस इल्डा केस धुवायला बसल्या होत्या. डोकं मागे, डोळे मिटलेले.

"इल्डा, तू माझं वाटोळं केलंस!"

"मी कुठे? मी गल्ल्या मोजल्या फक्त."

"तीन नाहीत! पाच! डफरिन रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असं लोक सांगतात!"

"अरे देवा. म्हणजे कविता अजूनच मागे राहिली."

बॅरिंग्टन इतका हसला की त्याच्या हातातलं तांब्याभर पाणी मिस इल्डांच्या नाकात गेलं. एव्हरल्ड सबंध हिवाळा त्यांच्याशी बोलला नाही. मात्र दर शनिवारी येऊन पहिल्या रांगेत बसायचा, मिस इल्डांना त्याची पाठ नीट दिसावी म्हणून.

स्वतःलाही त्या सोडत नसत. वर्षातून एकदा स्वतःचं परीक्षण येई, तेही आडनावाने. 'मिस पिनॉक यांनी काल पुन्हा तीच कविता म्हटली. कवितेचा शेवट त्यांनाही ठाऊक नसावा, असा दाट संशय येतो.'

ती कविता म्हणजे 'बत्तीस नंबर'.

*

बत्तीस नंबरची बस एग्लिंटनवरून जाते. कवितेत एक बाई तिच्यात चढते. दोन्ही हातांत पिशव्या.

बत्तीस नंबर, बत्तीस नंबर,
चढ गं बाई, सांभाळ कंबर.
पिशवीत कंद, पिशवीत केळी,
पिशवीत चिठ्ठी न वाचलेली.

प्रत्येक थांब्यावर एकेक माणूस चढतं. ग्रेनेडाचा सुतार, बार्बेडोसची नर्स, त्रिनिदादची दोन भांडणारी भावंडं. ड्रायव्हर ओरडतो:

मागे सरा हो, मागे सरा,
अजून एका बेटाला जागा करा!

बस तुडुंब भरते. काचा घामाने पांढऱ्या होतात. बाहेर बर्फ, आत उकाडा. आणि अशात ती बाई गर्दीतून हात वर काढते.

दोरी ओढते, घंटी वाजते...

बस, एवढंच. याच्या पुढे कुणी कधी ऐकलेलं नाही. कारण घंटी वाजली रे वाजली, की सगळी खोली टेबलं बडवून ओरडायची, "पहिल्यापासून!" मग मिस इल्डा हसून मान हलवत, आणि बाई पुन्हा चढायची. दोनदा, तीनदा. मग त्या दमून खाली बसत. वस्तीतली पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं झाली, पण ती बाई कुठे उतरली ते कुणालाच कळलं नाही.

नेरिसा साहित्य शिकली. वस्तीतलीच पोर, टोरांटोत जन्मलेली, नेरिसा लिंडो. विद्यापीठात तिने या कवितेवर निबंध लिहिला. अपूर्णता हाच कवितेचा प्रतिकार, असं काहीतरी. तळटीपा वगैरे. मोठ्या उमेदीने तिने तो मिस इल्डांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग पर्स उघडली. चुरचुर.

"छान आहे गं," बन तोडत त्या म्हणाल्या. "पण यात बस कुठाय?"

नेरिसाचे कान तापले. तरी तिने विचारलं, "मिस इल्डा, शेवट लिहून ठेवलाय का कुठे?"

"बसमधली बाई कुणी लिहून ठेवतं होय? उतरून जाईल ना ती."

"पण तुम्हाला माहितीय ना, ती कुठे उतरते?"

"तू बत्तीस नंबरने येतेस ना रोज? मग डोळे उघडे ठेव."

नेरिसाने डोळे उघडे ठेवले. काही दिसलं नाही. मात्र त्यानंतर ती दर शनिवारी मिस इल्डांच्या शेजारच्या खुर्चीत बसू लागली. दोघींत पस्तीस-चाळीस वर्षांचं अंतर, पण ते कधी आडवं आलं नाही. मिस इल्डा तिच्या कानात परीक्षणं सांगत आणि तिला तोंडावर हात धरून हसू दाबावं लागे. "हा बघ, आता आकाशाकडे बोट करील. बघ. केलं. आकाशात काय ठेवलंय मेल्याचं?"

*

मार्चमध्ये नेरिसाने बॅरिंग्टनला म्हटलं, "मास बॅरिंग्टन, माझं नाव घाला."

तिची कविता तिच्या आईवर होती. आई दर रविवारी जमैकाला फोन लावते आणि ओरडून बोलते, जणू मधला सगळा समुद्र आवाजाने ओलांडायचाय. फोन कितीही सुधारले तरी आईचा आवाज सुधारला नाही. नेरिसाने कविता कागदावर आणली होती. तो असा फडफडत होता की शब्दांपेक्षा कागदच जास्त ऐकू येत होता.

ती मध्यावर आली. तिथे आई विचारते, "ऐकू येतंय का? हॅलो? ऐकू येतंय का?"

शेवटच्या रांगेतून आवाज आला. "पहिल्यापासून!"

एकच आवाज. टेबल एकही वाजलं नाही.

नेरिसाने कागद सरळ केला. तिने पहिल्यापासून सुरुवात केली आणि यावेळी शेवटपर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली येऊन बसली तेव्हा मिस इल्डा खिडकीबाहेर बघत होत्या.

ती दाद होती की चूक काढली होती? सबंध आठवडा सलूनमध्ये दुसरा विषय नव्हता.

"दाद," बॅरिंग्टन म्हणाला. "कागद वाजला का सांग. चुरचुर झाली का?"

"नाही झाली," नेरिसा म्हणाली.

"मग झालं तर!" तो थांबला. वस्तरा हवेतच राहिला. "पण थांब. त्या दिवशी तिनं बन आणलाच नव्हता. दाताला ठणका होता तिच्या."

"चूक काढली," एव्हरल्ड म्हणाला. त्याच्या तोंडाला साबणाचा फेस होता. "मला विचार. मला ती असंच म्हणाली होती, माझ्या पहिल्या कवितेला. मी दाद समजून तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा खोलीत फक्त ढोलवाला उरला होता, आणि तोसुद्धा ढोल त्याचा होता म्हणून."

नेरिसाने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. साहित्याच्या पदवीचा इथे काडीचा उपयोग नव्हता. एवढं मात्र तिला कळत होतं, की उत्तर मिळाल्याशिवाय तिचे पाय पुन्हा माइककडे वळणार नाहीत. दाद असेल तर ती कवी होती. चूक असेल तर शेजारच्या खुर्चीत बसून हसू दाबणं बरं.

तिने बसमध्ये विचारलं. मिस इल्डा म्हणाल्या, "'लँटर्न'मध्ये वाच."

'लँटर्न'मध्ये त्या आठवड्यात चर्चच्या जेवणातल्या मिरचीच्या सूपचं परीक्षण आलं. सूपला चांगलंच झोडपलं होतं.

तिने पुन्हा विचारलं. "शनिवारी सांगते," मिस इल्डा म्हणाल्या.

शनिवार आला. "आज सांगणार होतात."

"हा शनिवार नव्हे."

"मग कुठला?"

"पोरी, बन भट्टीतून काढल्या काढल्या कापतात का? चुरा होतो. थांब जरा."

एप्रिल गेला. मे गेला. दर शनिवारी बॅरिंग्टन खडू हातात घेऊन तिच्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची. जूनच्या पहिल्या मंगळवारी मात्र बसमधून उतरताना मिस इल्डांनी आपणहून म्हटलं, "या शनिवारी. नक्की. आठवण कर."

ड्रायव्हरला म्हणाल्या, "येते हं बाळा." आणि गेल्या. बुधवारी उठल्या नाहीत.

शनिवार आला, आणि तो शनिवार तसाच गेला.

*

नववी रात्र गुरुवारी होती. मेल्यावर नवव्या रात्री माणूस आपलं घर सोडून कायमचा निघतो. त्याला रडून अडवायचं नाही, गाऊन-खाऊन वाटेला लावायचं. बॅरिंग्टनने सलूनमागच्या अंगणात ताडपत्री बांधली. मासे तळले जात होते. बोकडाच्या मुंडीचं सूप उकळत होतं, आणि लोक एकमेकांना सांगत होते की मिस इल्डा असत्या तर त्यांनी यालाही झोडपलं असतं. डॉमिनो टेबलावर आपटत होते. जूनमधला उजेड लवकर जात नाही. लोक संध्याकाळी पाचपासूनच जमायला लागले.

मिस इल्डांची खुर्ची आतून आणून शेवटच्या रांगेत मांडली होती, उशीसकट. खुर्चीवर चांदीच्या कागदात गुंडाळलेला बन आणि चीज. जाणाऱ्याला वाटेत भूक लागू नये.

नेरिसा सूपचा वाडगा धरून उभी होती. बॅरिंग्टन तिच्याजवळ आला.

"'बत्तीस नंबर' तू म्हणायचीस."

"मी? का?"

"इल्डानं सांगून ठेवलं होतं. ईस्टरच्या सुमारास. म्हणाली, माझ्या नवव्या रात्री पोरीला म्हणू दे. एव्हरल्डला नको. तो म्हणायला लागला तर मला जाग येईल."

"खोटं!" तीन टेबलांपलीकडून एव्हरल्ड ओरडला. त्याला सगळं ऐकू येतं. "तिनं मला विचारलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं!"

नेरिसाला कविता घंटीपर्यंत तोंडपाठ होती. घंटीपर्यंत सगळ्या वस्तीलाच पाठ होती. पण आज घंटीनंतर लोक ओरडतील का? मेलेल्या बाईच्या कवितेला कोण टेबल बडवील? आणि कुणी नाही ओरडलं, तर पुढे काय?

तिच्याकडे शेवट नव्हते असं नाही. गेल्या आठ दिवसांत झोप येत नव्हती तेव्हा तिने बरेच रचले होते. एका शेवटात बाई आईच्या दाराशी उतरत होती. एकात समुद्रावर. एकात सरळ स्वर्गात उतरत होती. त्याला नेरिसाने स्वतःच लांब चीऽऽप करून टाकून दिलं होतं. एकही मिस इल्डांचा नव्हता.

"मास बॅरिंग्टन, मला नाही जमणार."

"बरं," बॅरिंग्टन म्हणाला. "मग एव्हरल्डला सांगू?"

नेरिसाने वाडगा खाली ठेवला.

अंगण शांत झालं. ढोलवाल्याने, तो आता पार म्हातारा झाला होता, बोटांनी हलकेच ताल धरला. नेरिसाने माइक धरला आणि तिला कंदांची नावं आठवेनात. ती सरळ सुरू झाली.

बत्तीस नंबर, बत्तीस नंबर...

बाई चढली. सुतार चढला, नर्स चढली. त्रिनिदादची भावंडं भांडायला लागली तेव्हा लोक हसले. "मागे सरा हो, मागे सरा," सगळं अंगण तिच्याबरोबर म्हणालं. माशाच्या कढईजवळची बाई झारा हलवत म्हणाली. कोपऱ्यात पास्टर ओठ हलवत होते. नेरिसाला पहिल्यांदाच बस दिसली. काचा पांढऱ्या झाल्या. बाईने गर्दीतून हात वर काढला.

दोरी ओढते, घंटी वाजते...

ती थांबली.

कुणी ओरडलं नाही.

हातातले डॉमिनो हातातच राहिले. सगळे माना पुढे काढून तिच्याकडे बघत होते. आज कळणार होतं. इतकी वर्षं आपण ओरडून ओरडून जे कधी ऐकून घेतलं नाही ते ही पोर आता सांगणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आईचं दार, समुद्र, स्वर्ग, सगळं एकदम नेरिसाच्या डोक्यात आलं आणि एकदम निघून गेलं. ढोलवाल्याने ताल संपवला नाही, पण आवाज इतका कमी केला की नुसती बोटं हलताना दिसत होती.

आणि मागून आवाज आला. चुरचुर.

सगळं अंगण गर्रकन मागे वळलं. खुर्ची रिकामी होती. ताडपत्रीखाली ठेवलेला फिरता पंखा मान वळवत तिकडे पोचला होता, आणि खुर्चीवरच्या चांदीच्या कागदाचं एक टोक वाऱ्याने थरथरत होतं. चुर, चुर, चुर.

"येशू बाप्पा," बॅरिंग्टन पुटपुटला. "तिला नाही आवडलं."

कढईजवळची बाई फसकन हसली. मग पास्टर. मग हसू अंगणभर पसरलं. नेरिसाही हसत होती, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचे गाल ओले झाले. त्या हसण्यात पहिल्या रांगेतून एव्हरल्ड माँटेक उठला, दोन्ही तळवे टेबलावर आपटले, आणि डफरिनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"पहिल्यापासून!"

मग सगळीच टेबलं वाजली. डॉमिनो खाली सांडले. "पहिल्यापासून! पहिल्यापासून!"

नेरिसाने डोळे पुसले. एव्हरल्ड अजून उभाच होता. तो पुढे वाकला आणि त्याच्या मानाने कुजबुजत, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला, "बूट, पोरी. बूट काढ आधी."

तिने खाली पाहिलं. बूट पायातच होते. तिने ते काढले. गवत गार होतं. "पिवळं कोनफळ," ती माइकमध्ये म्हणाली. "पांढरं कोनफळ. अळकुडी. रताळं." रताळं मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. मग तिने बाईला पुन्हा बसमध्ये चढवलं.

त्या संध्याकाळी ती बाई चारदा चढली.

शेवटी लोक जेवायला उठले तेव्हा नेरिसाने एव्हरल्डला कढईजवळ गाठलं.

"मास एव्हरल्ड, ते 'पहिल्यापासून' दाद होती, की बूट राहिले म्हणून?"

एव्हरल्डने माशाचा काटा सावकाश काढला. तोंडातला घास संपवला.

"शनिवारी सांगतो," तो म्हणाला.

नेरिसाने दातांतून हवा ओढली, चांगली लांब. एव्हरल्डने दचकून मागच्या खुर्चीकडे पाहिलं.

आत सलूनमध्ये फळा भिंतीला टेकवून ठेवला होता. "मास बॅरिंग्टन," ती म्हणाली, "शनिवारी माझं नाव घाला." बॅरिंग्टन खडू शोधायला लागला.

ती घरी जायला निघाली तेव्हा आकाशात थोडा उजेड होता. बत्तीस नंबर आली. ती चढली, ड्रायव्हरला 'बाळा' म्हणावंसं वाटलं, पण तो तिच्याच वयाचा होता. ओकवुड जवळ आलं. पुढच्या सीटवरच्या एका बाईने, दोन्ही हातांत पिशव्या, मोठ्या मुश्किलीने हात वर काढून दोरी ओढली. घंटी वाजली. बस हळू झाली. नेरिसा पुढे वाकून बघू लागली.

बाई उतरली, पिशव्या सावरल्या आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. ती ही नव्हे. मिस इल्डांची बाई अजून आतच आहे, दोरीला हात लावून, दाराशी. तिला उतरवायचं राहिलंय.